रिलॅक्स झालो, पुढे काय?

आजचं चिंतन गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या ३९व्या श्लोकावर. झोप, आळस आणि बेफिकिरीतून मिळणाऱ्या सुखाला भगवंत तामस म्हणतात. मग हेडफोन लावून, "तुमचं शरीर जड होतंय" असं ऐकत आपण रिलॅक्स होतो, ते सुख कोणतं?

'हिप्नॉटिझम' हा शब्द १८४३च्या सुमारास जेम्स ब्रेड या स्कॉटिश सर्जनने रूढ केला, ग्रीक निद्रादेव हिप्नॉसवरून. पण संमोहन म्हणजे झोप नव्हे, लक्ष एकाच कल्पनेवर खिळणं आहे, हे पुढे त्यालाच पटलं. १९७५ मध्ये हर्बर्ट बेन्सन या अमेरिकन डॉक्टरने लिहिलं, की एखादा शब्द शांतपणे मनात घोळवला की श्वास आणि हृदयाचे ठोके मंदावतात. शब्द कुठलाही चालतो!

म्हणजे नुसती शांतता ही भक्तीची खूण नाही. ती वाईटही नाही हं. सहाव्या अध्यायात भगवंत योग्यालाही झोपेचं प्रमाण सांभाळायला सांगतात. थकलेल्या शरीराला विश्रांती हवीच.

पण विश्रांतीने ताण उतरतो. तो ज्या हव्यासातून आला, तो हव्यास तिथेच राहतो. प्रमोशन हुकल्याची जळजळ डोळे उघडताच परत हजर! म्हणून मनाला आवरण्यासाठी भगवंत अभ्यासाच्या जोडीला वैराग्य सांगतात.

तेव्हा मित्रांनो, ऑडिओ खुशाल ऐका. फक्त उठल्यावर स्वतःला विचारा: ताण हलका झाला, की हव्यासही थोडा सुटला?

जय हरी!