गणपतीच्या वाटेवरची झोप

संगमेश्वरच्या थोडं अलीकडे, पहाटे साडेचारच्या सुमाराला, गाडी चालवणाऱ्या माझ्या चुलतभावानं एकदम विचारलं, "काय म्हणालीस?" मी काहीच म्हणाले नव्हते. गाणी बंद होती. मागे वहिनी आणि दोघं मुलं एकमेकांच्या अंगावर कलंडून झोपली होती. "आरवली आली का गं?" त्यानं पुढं विचारलं. आरवली जाऊन वीसेक मिनिटं झाली होती. तिथले दिवे, बंद दुकानं, रस्त्याकडेचा पोलिसांचा मांडव, सगळं त्याच्या उघड्या डोळ्यांसमोरून गेलं होतं आणि त्यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. तो चिडला. मला झोप आलेली नाही, आता तासाभराचं तर अंतर राहिलंय, आणि गावी काकू दारात उभी असेल, असं सगळं म्हणाला. एका बंद टपरीच्या पुढं आम्ही थांबलो. त्यानं सीट मागे केली आणि बोलणं पुरं व्हायच्या आत घोरायला लागला. टपरीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी चाळीसएक मिनिटं जागी बसून समोरून जाणाऱ्या गाड्या बघत होते. प्रत्येक गाडीत असंच एक कुटुंब, अशीच झोपलेली मुलं आणि त्यांच्यापुढं आदल्या सकाळपासून जागा असलेला एक माणूस.

भाऊ त्या दिवशी सकाळी साडेपाचला उठला होता. ठाण्याहून अंधेरीला जाऊन त्यानं दिवसभर काम केलं, संध्याकाळी सातला घरी आला, दोन घास खाल्ले आणि साडेनवाला गाडी काढली. वडखळला आणि माणगावात मिळून तीन तास गेले. म्हणजे आरवली त्याच्या हातून निसटली तेव्हा त्याला जागून तेवीस तास झाले होते. सतरा-अठरा तास सलग जागलेल्या माणसाची सावधगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी मंदावते, हे झोपेवर काम करणाऱ्या संशोधकांनी प्रयोगांतून दाखवून दिलेलं आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. माझा भाऊ आयुष्यात दारूला शिवलेला नाही. प्यायलेल्या माणसाच्या गाडीत वहिनीनं मुलांना पाऊलही टाकू दिलं नसतं. त्या रात्री मात्र आम्ही सगळे निर्धास्त बसलो होतो, कारण झोपेला वास येत नाही.

गणपतीत मुंबई-गोवा महामार्गाविषयी बोलायला लागलं की बोलणं खड्ड्यांवर जातं, आणि ते चुकीचं नाही. पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता स्वतः गाडी चालवून गावाला जातात आणि वळण रस्त्यांचे बाण अजून नवे लागतातच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहनांतली माणसं गेली. त्यांपैकी कुणाचीही काहीही चूक नव्हती. रस्ता नीट करणं हे सरकारचं काम आहे आणि ते इतकी वर्षं रखडवल्याचा दोष प्रवाशाच्या माथी मारता येणार नाही.

पण रस्ता गुळगुळीत झाला की हा प्रश्न मिटेल, हे मला पटत नाही. समृद्धी महामार्ग बघा. खड्डा नाही, चौक नाही, समोरून गाडी नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर त्याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एका खासगी बसला अपघात होऊन ती पेटली आणि पंचवीस माणसं गेली. त्या एका अपघाताच्या कारणावरून वाद झाले, त्यात मी पडत नाही. पण सरळ, एकसुरी रस्ता चालकाला गुंगी आणतो, हे त्यानंतर सगळेच बोलायला लागले. वाईट रस्ता माणसाला दमवतो आणि चांगला रस्ता दमलेल्याला निजवतो. कोकणच्या वाटेवर सध्या दोन्ही प्रकार आलटून पालटून येतात. माणगावच्या कोंडीत दोन तास क्लच दाबून पाय भरून आलेला माणूस पुढं कशेडीच्या बोगद्यातून आणि मोकळ्या काँक्रीटवरून जातो तेव्हा बरोबर पहाटेचे तीन-चार वाजलेले असतात. शरीराला झोप सगळ्यात अनावर होते ती ह्याच वेळी. ताशी ऐंशीच्या वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढं सरकते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ नव्वद मीटर अंतर आंधळं. एवढ्या अंतरात घाटातलं एक अख्खं वळण येऊन जातं.

आणि ह्या डुलकीची नोंद कुठं होत नाही. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. केंद्र सरकारच्या अहवालात वाहतुकीचे नियम मोडल्याचं जे वर्गीकरण असतं, त्यात अतिवेग आहे, मद्यपान आहे, उलट्या बाजूनं जाणं, सिग्नल तोडणं, मोबाईल हेही आहे. सर्वांत मोठा आकडा अतिवेगाचा, सत्तर टक्क्यांच्या आसपास. झोपेला स्वतःचा रकाना नाही. झोपलेल्या माणसाचा पाय ब्रेकवर जात नाही, म्हणून अशा अपघातात रस्त्यावर टायर घासल्याच्या खुणा सापडत नाहीत. गाडी वेगात होती एवढंच पंचनाम्यात येतं. वाचलेला चालक "डोळा लागला" म्हणायला धजत नाही, आणि गेलेला सांगायला उरत नाही.

गाडी चालवतानाची ही डुलकी आपल्याकडे वाढली त्यामागं एक बदल आहे, आणि तो इतका हळूहळू झाला की कुणाच्या लक्षात आला नाही. माझे आजोबा गिरणीतून रजा घेऊन गणपतीला जायचे ते बोटीनं, नंतर एसटीनं. वडील एसटीनं आणि २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर आगगाडीनं. त्या सगळ्या प्रवासांत हाल खूप होते, पण दिवसभर राबलेला माणूस आणि त्याला घेऊन जाणारा माणूस वेगवेगळे होते. थकलेला झोपायचा आणि दुसरा कुणीतरी, ज्याचं ते कामच होतं, जागा राहायचा. घराघरात चारचाकी आली आणि ही दोन माणसं एक झाली. रेल्वेचं आरक्षण काही मिनिटांत भरतं, एसटीच्या जादा गाड्या हजारोंनी सुटल्या तरी पुरत नाहीत, मग गाडी दारात आहे तर निघू आपलं आपण, हे साहजिक आहे. पण गाडी घेताना आपण ड्रायव्हरची नोकरीही पत्करली आणि तिच्या पाळीचा हिशेब कधी मांडलाच नाही.

त्या नोकरीचा हिशेब कायद्यानं कधीच मांडला होता. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ मध्ये चालकाला दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. लांब पल्ला आणि सणासुदीसाठी सवलत म्हणून फार तर दिवसाला दहा तास. म्हणजे सण आहे, गर्दी आहे, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं आणि तरीही त्यांनी दहावर रेघ ओढली होती. पगारी चालकाच्या बाबतीत तीही पाळली जात नाही. लांज्याच्या पुढं एका ढाब्यावर एक ट्रॅव्हल्सचा चालक भेटला होता. परवा सावंतवाडी, काल रिकामी गाडी घेऊन मुंबई, आज पुन्हा भरून. तिसरी रात्र. "झोपता कधी?" विचारलं तर त्यानं बसच्या पोटातल्या सामानाच्या डिकीकडे बोट दाखवलं. तिथं घोंगडी अंथरलेली होती, शेजारी स्टेपनी. त्या गाडीत पस्तीस-चाळीस माणसं पडदे ओढून झोपली होती. त्यांच्यातल्या कुणीही, तिकीट काढताना, दुसरा चालक आहे का असं विचारलं नव्हतं. मीही आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. आता विचारते.

आपल्या मनात जागरणाला मोठा मान आहे. गौरीचं जागरण, रात्रभर चालणारं भजन, परीक्षेचा अभ्यास, आजारी माणसाची उशाशी बसून केलेली सेवा. जागणारा तो कष्टाळू, झोपणारा तो आळशी. म्हणून गावच्या पडवीत "एका दमात आलो, कुठं थांबलो नाही" असं सांगणाऱ्याचं कौतुक होतं आणि वाटेत झोप काढून आलेल्याला "एवढा वेळ?" असं विचारलं जातं. जागरणात देवापुढं झोप आली तर आपण भिंतीला टेकतो. स्टिअरिंगवर टेकायला भिंत नाही.

आणि घाई कशासाठी? चतुर्थी धरतात ती मध्यान्हव्यापिनी, पूजा सांगितली आहे ती मध्यान्हकाळी, म्हणजे साधारण अकरा-साडेअकरापासून पुढं. पहाटे पाचला उंबरठ्यावर पाय लागलाच पाहिजे असं कुठल्याही शास्त्रात नाही. ती घाई आपल्या रजेच्या अर्जात आहे. सुट्टी चतुर्थीची असते, आदल्या दिवसाची नसते. म्हणून लाखो माणसं हरतालिकेच्या दिवशी कामावरून सुटून थेट गाडीत बसतात आणि परतताना विसर्जनाच्याच रात्री पुन्हा तेच करतात. ज्याच्याकडे कोकणातला कामगार आहे अशा मालकानं, साहेबानं ती आदल्या दिवसाची रजा मागितल्याशिवाय दिली, तर ती कुठल्याही सूचना फलकापेक्षा जास्त उपयोगाची होईल. नंतर एक रविवार भरून घ्या, पण तो दिवस द्या.

पोलिसांच्या सुविधा केंद्रांवर चहा मिळतो, तो चांगलाच आहे. पण चहाचा असर व्हायला वीसेक मिनिटं लागतात आणि तो झोप फक्त पुढं ढकलतो. चहा पिऊन लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटले तर दोन्हींचा फायदा मिळतो, पण मिटायचे कुठं? महामार्गालगत गावोगावी जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत आणि गणपतीत त्यांना सुट्टी असते. दोन वर्ग उघडे ठेवा, चटया टाका, पंखा आणि दिवा असू द्या, बाहेर एक होमगार्ड. येणाऱ्याला कुणी नाव विचारू नये. ह्याला निविदा लागत नाही.

मागे बसणाऱ्यांचंही सांगते. ४ सप्टेंबर २०२२ ला, गणपतीतच, पालघरमध्ये चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. आपल्याकडे मागचा पट्टा सीटखाली दडपलेला असतो आणि झोपलेलं मूल मांडीवर. चालकाला डुलकी लागते त्या क्षणी सगळ्यात कमी सावरलेली माणसं मागे असतात. आणि पुढच्या सीटवरच्या माणसानं झोपू नये. तिथं बसणं हे काम आहे. चालक सारखा डोळे चोळतो, आरसा उगाच नीट करतो, मघाच्या गावाचं नाव विचारतो, तेव्हा ते ज्यानं बघायचं तो हाच.

त्या पहाटेनंतर भावाशी मी दिवसभर बोलले नाही, आणि तोही माझ्याशी. मग ऋषिपंचमीला जेवताना त्यानंच काकूला सगळं सांगितलं. काकू काही बोलली नाही. पुढच्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी तिचा फोन आला. आवाज चढलेला होता. गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायला वाडीतली पोरं आहेत, मूर्तीवरची माटवी बांधून होईल, भटजी आपल्याकडे बारानंतरच येणार आहेत, तुम्ही रात्री महाडला वहिनीच्या मावशीकडे मुक्काम करायचा आणि उजाडल्याशिवाय निघायचं नाही.

आम्ही तसंच केलं. मावशीकडे पाठ टेकली, सकाळी सहाला निघालो, साडेदहाला घराच्या पाणंदीत वळलो. मूर्ती पाटावर होती, तोंडावरचा रुमाल अजून तसाच. काकू खळ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. भाऊ उतरला तशी तिनं त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, डोळे नीट बघितले आणि मग तांब्या त्याच्या हातात दिला.