ओझें आणि आधार

दुसऱ्याच्या बळाचा अंदाज बांधून त्यावर भार टाकण्याचा, किंवा तो नाकारण्याचा, अधिकार आपणांस कितपत आहे? प्रश्न नीतिशास्त्राचा खरा. परंतु त्यावर प्रकाश पाडणारें एक उदाहरण आम्हांस स्थापत्यशास्त्रांत सांपडलें, तें वाचकांपुढें ठेवतों.

मऊ चिकणमातीवर लहानसें घर बांधावयाचें झाल्यास पायाखालीं खांब ठोकतात. खालीं जवळपास खडक नसेल, तर खांब उभा राहतो तो मुख्यतः अंगास चिकटलेल्या मातीच्या जोरावर. समजा, खांबाचा व्यास २० सेंटिमीटर, मातींतील लांबी ६ मीटर, व मातीची पकड दर चौरस मीटरास २ टन आहे. तर अंगाच्या बाजूनें सुमारें साडेसात टनांचा आधार मिळतो. टोंकाखालून जेमतेम अर्धा टन. एकूण ८ टन. हा आंकडा अडीचांनीं भागून शहाणा इंजिनियर ३ टनांच्या आसपासच भार ठेवतो. उरलेले ५ टन ही उधळपट्टी नव्हे. ती आपल्या अज्ञानाची प्रामाणिक कबुली होय. दोन ठिकाणची माती काढून पाहिली, तरी मधली न पाहिलेलीच राहते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेलिंग्टन या अमेरिकन इंजिनियरानें, हातोड्याच्या घावासरशीं खांब किती खचतो यावरून त्याचें बळ काढण्याचें सूत्र दिलें. चिकणमातींत हें सूत्र फसवें ठरतें. घावांनीं माती ढवळली जाते, तिच्यांतील पाण्याचा दाब वाढतो व तिची पकड तात्पुरती सुटते. पुढें कांहीं आठवड्यांत पाणी हळूहळू झिरपून जातें आणि तीच माती खांबास घट्ट धरते. घावाच्या क्षणीं दिसलें तें त्याचें खरें बळ नव्हे!

हें वाचतांना आम्हांस आमचाच एक अपराध आठवला. वडील वारल्यास महिनाही न झालेल्या एका विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका पाहून, ‘हें शिक्षण तुला झेपावयाचें नाहीं,’ असें आम्हीं त्यास सांगितलें. त्यानें आमचा शब्द प्रमाण मानला व कॉलेज सोडलें. आम्हीं घाव मोजला, मनुष्य मोजला नाहीं.

याच्या उलट चूकही तितकीच घातक आहे. मेक्सिको शहराखालील भूजल उपसल्यामुळें तेथील चिकणमाती विसाव्या शतकांत कित्येक मीटर खचली; ज्या मातीनें खांबांस धरावयाचें, तीच त्यांस खालीं ओढूं लागली. एकत्र कुटुंबांतील मिळवत्या मुलाची स्थिति पुष्कळदां अशीच होते. ज्यांच्या मायेवर तो उभा, तींच माणसें खचूं लागलीं कीं त्याच्याच अंगास लोंबकळतात. आणि आपण मात्र त्याचें बळ पूर्वीच्याच हिशेबानें धरून चालतों.

मग अंदाज करूंच नये काय? तसें म्हटल्यास एकही घर उभें राहणार नाहीं. अंदाज करावा, पण घाव बसल्यावर कांहीं काळ थांबावें, शक्य तेथें प्रत्यक्ष भार ठेवून पाहावें, आणि आपल्या चुकीसाठीं जागा राखावी. कारण अंदाज चुकला, तर भिंतीस तडा जातो तो अंदाज करणाऱ्याच्या घरीं नव्हे.