लंगडे पाऊल आणि सरळ वाट

(वाचावे: इब्री लोकांस पत्र, अध्याय 12, वचने 1, 12 व 13)



मागे काही कामानिमित्त आम्हांस पुण्यास जावे लागले. परत येताना स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर गाडीची वाट पाहत दीड तास बसणे झाले. स्वारगेट आपल्या खेड्यांतील वाचकांस ठाऊकच आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, फलटण, सोलापूर, कोठेही जावयाचे झाले तर पाय प्रथम तेथे लागतात. आणि सप्टेंबर 2024 पासून तर जमिनीखालून धावणारी मेट्रोही तेथवर आली आहे. जवळच नेहरू स्टेडियम आहे. तेथे 1996 सालच्या फेब्रुवारीत केनियासारख्या नवख्या संघाने वेस्ट इंडीजच्या बलाढ्य संघास हरविले, हे आमच्या पिढीतील क्रिकेटवेडे अजून विसरलेले नाहीत. सारसबागेसमोरच्या सणस मैदानावर सकाळ-संध्याकाळ मुले धावण्याचा सराव करितात. सारांश, बळकट पायांची तरुण मुले त्या भागात पुष्कळ दिसतात.

अशा ठिकाणी आमच्या शेजारच्या बाकावर एक तरुण कुबडी मांडीवर आडवी घेऊन व गुडघ्यास जाड पट्टा बांधून बसला होता. त्याच्या वडिलांनी आम्हांस ओळखले व सलाम केला. ते फलटणकडील एका लहान मंडळीचे उपदेशक आहेत. मुलास तपासणीसाठी महिन्यातून एकदा पुण्यास आणावे लागते, असे ते म्हणाले. मग गाडी येईपर्यंत त्यांनी जी हकीकत सांगितली, ती त्यांच्या परवानगीने, नावगाव न देता, येथे लिहितो. कारण ती एका घरापुरती नाही, असे आम्हांस वाटते.

मुलगा कबड्डी खेळणारा. दीड वर्षापूर्वी चढाई करून परतताना एकाने घोटा धरला, दुसऱ्याने कमरेस मिठी घातली. पाऊल जमिनीत रुतून राहिले आणि अंग मात्र वळले. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला. गावी महिनाभर मालिश व लेप झाले. (आपल्याकडे हे पहिले होते, आणि डॉक्टर मागाहून. असो.) पुढे पुण्यात तपासणी झाली तेव्हा कळले की गुडघ्यातील लिगामेंट तुटले आहे. शस्त्रक्रिया झाली, ती चांगली झाली. तिसऱ्या महिन्यात सूज गेली, दुखणे राहिले, मुलगा चालू लागला. चौथ्या महिन्यात गावची जत्रा आली व जत्रेचे सामने आले. सामने भरविणारे म्हणाले, "अरे, केदार जाधव लंगडत खेळला आणि जिंकून आला की! तुला काय धाड भरली?" त्या आठवड्यात प्रार्थनेस आलेल्या एका पाहुण्या बंधूंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून प्रार्थना केली व सांगितले, "प्रभूने तुला बरे केले आहे. आता शंका धरशील तर ते अविश्वासाचे पाप होईल." मुलगा मैदानात उतरला. दुसऱ्याच चढाईस गुडघा पुन्हा गेला. दुसरी शस्त्रक्रिया झाली, कर्ज झाले. आणि आता काही जण म्हणतात, पोराचा विश्वासच कमी पडला.

ही हकीकत ऐकून आम्ही खाली मान घातली. त्या पाहुण्या बंधूंस दोष देण्यास आमचे तोंड नाही. आम्हीही आजाऱ्यांच्या खाटेपाशी अशी घाईची वाक्ये बोललो आहोत.

प्रथम केदार जाधवाची गोष्ट पुरी सांगितली पाहिजे, कारण ती अर्धीच सांगितली गेली होती. हा पुण्याचा खेळाडू 7 एप्रिल 2018 रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर खेळत असता त्याच्या मांडीच्या मागील स्नायूस इजा झाली व तो बाहेर गेला. नऊ गडी बाद झाल्यावर तो लंगडत परत आला, शेवटच्या षटकात एक षटकार व एक चौकार मारून त्याने सामना जिंकून दिला. इतके सर्वांनी पाहिले. पुढे काय झाले? त्या हंगामातील उरलेला एकही सामना तो खेळू शकला नाही. दुखण्यातून उठून तो सप्टेंबरात दुबईस आशिया चषकात खेळला, आणि 28 तारखेच्या अंतिम सामन्यात मांडीच्या मागील स्नायूने त्यास पुन्हा मैदानाबाहेर नेले. तेथेही तो परत येऊन शेवटच्या चेंडूपर्यंत उभा राहिला, हे त्याचे धैर्य. त्यास आम्ही कमी लेखीत नाही. पण जत्रेतल्या लोकांना षटकार आठवला. मधले महिने कोणास आठवले नाहीत. इजेतून उठणाऱ्या मनुष्याचे खरे काम तर त्या महिन्यांत चालते, जेथे टाळ्या नसतात.

आता गुडघ्याविषयी वैद्यकशास्त्र काय सांगते तेही ऐका. लिगामेंट म्हणजे हाडास हाड बांधून ठेवणारा दोर. गुडघ्याच्या आत जो दोर असतो त्यास रक्ताचा पुरवठा अगदी थोडा, म्हणून तो पुरा तुटला की सहसा आपोआप जुळत नाही. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर रोग्याच्याच मांडीतला किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा काढून, हाडांस भोके पाडून, नवा दोर ओवितो. आम्हांस पूर्वी वाटे की दोर बसविला म्हणजे काम झाले. पण तसे नाही. बसविलेल्या त्या दोराचा आपला जुना रक्तपुरवठा तुटलेला असतो. त्यात नव्या बारीक रक्तवाहिन्या शिराव्या लागतात, जुन्या पेशी मरून नव्या याव्या लागतात. आणि हे चालू असता, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, तो दोर बसविला त्या दिवसापेक्षाही दुबळा असतो. नेमक्या त्याच सुमारास सूज उतरते, दुखणे थांबते आणि रोग्यास वाटते, आपण बरे झालो! म्हणून धावणे, वळणे, उड्या मारणे या खेळांस निदान नऊ महिने परत जाऊ नये, असे जाणते डॉक्टर सांगतात; त्यापूर्वी परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका पुष्कळ अधिक असतो. आणि हे महिने नुसते पडून राहण्याचे नसतात. मांडी सुकते, ती पुन्हा भरावी म्हणून टाच हळूहळू मागे ओढणे, सरळ पाय वर उचलून धरणे, घोट्यास वाळूची पिशवी बांधून तेच पुन्हा करणे, असे कंटाळवाणे काम रोज करावे लागते.

बंधूंनो, दुखणे थांबले म्हणजे बरे झाले, असे नव्हे. हे त्या मुलास ठाऊक नव्हते, आणि त्यास सांगणाऱ्यांसही ठाऊक नव्हते.

"पण प्रभूने तर शब्दासरशी बरे केले ना?" असे कोणी विचारील. होय, पुष्कळांस केले. मंदिराच्या सुंदर नावाच्या दरवाजापाशी बसलेला पांगळा पेत्राने हात धरताच उडी मारून उभा राहिला, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या तिसऱ्या अध्यायात आहे व आम्ही ते खरे मानतो. पण मार्ककृत शुभवर्तमानाचा आठवा अध्यायही त्याच शास्त्रात आहे. बेथसैदा येथील आंधळ्यास प्रभूने हात धरून गावाबाहेर नेले, त्याच्या डोळ्यांस स्पर्श केला आणि विचारिले, काही दिसते काय? त्यास माणसे दिसली खरी, पण चालत्या झाडांसारखी! तेव्हा प्रभूने त्यास अविश्वासी म्हटले काय? अर्धवट दिसत असता सर्व स्पष्ट दिसते असे साक्ष म्हणून सांग, अशी आज्ञा केली काय? नाही. त्या मनुष्याने जितके दिसले तितकेच प्रामाणिकपणे सांगितले आणि प्रभूने पुन्हा हात ठेविले. ज्याच्या एका शब्दाने वारा थांबला, त्याने एका मनुष्याचे बरे होणे दोन पायऱ्यांनी केले. मग आपल्या मुलाबाळांस नऊ महिने लागले तर तेथे प्रभू नाही, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

अविनाश साबळे हे नाव आपल्या वाचकांपैकी बहुतेकांस ठाऊक असेल. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्याचे गाव. शेतकऱ्याचे पोर; लहानपणी शाळेसाठी सहा किलोमीटर पायपीट; पुढे महार रेजिमेंटमध्ये शिपाई, सियाचीनच्या बर्फात पहारा. त्याची शर्यत तीन हजार मीटरची. वाटेत 28 अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. 2022 साली बर्मिंगहॅमला सुवर्णपदक त्याच्या हातून सेकंदाच्या शंभर भागांपैकी केवळ पाच भागांनी निसटले. 2023 साली हांगझाऊला त्याने आशियाई सुवर्ण मिळविले. 11 जुलै 2025 रोजी मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या त्याच उडीपाशी तो पडला व गुडघ्यातील हाच दोर तुटला. टोकियोची जागतिक स्पर्धा दोन महिन्यांवर आली होती. तो गेला नाही. शस्त्रक्रिया करून घेतली. ज्याने सेकंदाचे तुकडे मोजिले, त्याने आता महिने मोजावयाचे होते. असा वीर थांबतो तेव्हा त्यास कोणी भित्रा म्हणत नाही. मग आपल्या गावचे पोर थांबले तर त्यास भित्रा का म्हणावे?

आता मूळ वचनांकडे वळू. त्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी आपण नेमून दिलेल्या शर्यतीत धीराने धावावे असे लिहिले आहे, आणि उपदेश करणारे बहुधा तेथेच थांबतात. पण लेखक पुढे जातो. त्यास ठाऊक आहे की धावणाऱ्यांत गळलेले हात आहेत, लटपटणारे गुडघे आहेत, लंगडेही आहेत. त्यांना तो शर्यतीबाहेर काढीत नाही. तो म्हणतो की वाटा सरळ करा, म्हणजे लंगडा अवयव निखळणार नाही, उलट बरा होईल. पाहा, या ठिकाणी लंगड्यास जोरात धाव असे सांगितलेले नाही. आज्ञा अनेकांस आहे आणि ती वाट नीट करण्याची आहे. खड्डा बुजवावयाचा तो मंडळीने.

जी गोष्ट गुडघ्याची तीच मनाची. उपदेशक बंधूंनो, दारू सोडून आलेल्या मनुष्यास चौथ्या आठवड्यात साक्ष देण्यास व्यासपीठावर उभे करण्याची आपली सवय कशी आहे, याचा विचार करा. त्याचे दुखणे नुकतेच थांबलेले असते. दोर अजून कच्चा असतो.

स्वारगेटवर आम्ही त्या मुलास विचारिले, "बाळ, उपासनेस जातोस ना?" तो गप्प राहिला. मग वडीलच म्हणाले, "पाळकसाहेब, तो दारापर्यंत येतो. आत सतरंजीवर सारे मांडी घालून बसतात. याचा गुडघा तितका वाकत नाही. पाय पसरून बसायची त्याला लाज वाटते. म्हणून बाहेर चिंचेखाली उभा राहतो. लोकांना वाटते, पोरगा थंड पडला."

इतक्यात फलटणची गाडी लागली. मुलगा कुबडी टेकीत, एक एक पायरी चढत आत गेला. जाताना वडिलांस आम्ही एवढेच म्हटले की तुमच्या गावी शाळेत खुर्च्या असतीलच.

परवा त्यांचे पत्र आले. शाळेतून एक जुना बाक मागून आणून त्यांनी उपासनागृहात मागच्या भिंतीशी ठेविला आहे. पहिल्या रविवारी मुलगा त्यावर एकटाच बसला. दुसऱ्या रविवारी दोन म्हाताऱ्या बायाही येऊन त्याच्या शेजारी बसल्या. त्यांचे गुडघे, असे त्या म्हणाल्या, पुष्कळ वर्षांपासून दुखत होते.