जाणत्याची पैज

पैज लावणे हे पाप आहे काय, असा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाही. कारण त्याचे उत्तर लहानपणीच आपल्या कानांवर पडलेले असते. द्यूतसभेची कथा ऐकत वाढलेल्या माणसाला फाशांविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही. परंतु ऐकून मिळालेले उत्तर आणि विचार करून मिळविलेले उत्तर यांत अंतर असते, आणि ते एखाद्या तरुणाने सरळ प्रश्न केला म्हणजेच ध्यानात येते. मध्यंतरी एका हिवाळ्यात माझ्यावर तसा प्रसंग आला.

न्यू जर्सीत नोकरी करणारा माझा भाचा आठ दिवसांसाठी करोल बागेतल्या आमच्या घरी उतरला होता. अमेरिकन फुटबॉल हा तिकडचा लाडका खेळ. लांबट चेंडू, शिरस्त्राणे घातलेले धिप्पाड गडी आणि यार्डायार्डासाठी चाललेली झोंबाझोंबी. व्यावसायिक संघ 32, आणि नियमित हंगामात प्रत्येकाचे सामने 17. या सामन्यांवर आपण पैसे लावतो, हे त्याने मोकळेपणाने सांगितले, आणि माझ्या कपाळावरची आठी पाहून तो म्हणाला, "मामा, तिथे हे कायदेशीर आहे. पैसे माझ्या कमाईचे. किती घालवायचे ते मी आधीच ठरवतो. शिवाय मी आंधळेपणाने लावत नाही, अभ्यास करून लावतो. मग यात वाईट काय?"

तो सांगत होता ते खरे होते. बहुतेक राज्यांना अशा पैजांची मनाई करणारा 1992 चा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2018 रोजी रद्द ठरविला, आणि तो खटला न्यू जर्सी राज्यानेच लढविला होता. तेव्हा कायद्याचा आधार मला उरला नाही. केवळ नीतीचा प्रश्न तेवढा समोर राहिला.

मी प्रथम हिशेबाचे शस्त्र उपसले. नवशिक्याला समजावे तसे त्यानेच मला या पैजेचे गणित समजावून दिले होते. दोन संघ सारख्या बळाचे नसतात, म्हणून बुकी दुबळ्या संघाला आधीच काही गुणांची सूट देतो. समजा ती सात गुणांची असली, तर बलवान संघ सातांहून अधिक गुणांनी जिंकला तरच त्याच्यावर लावणाऱ्याची पैज साधते. अशा रीतीने दोन्ही पारडी समतोल दिसू लागतात. मात्र 100 डॉलर जिंकण्यासाठी सामान्यतः 110 डॉलर पणाला लावावे लागतात. एकाने या बाजूवर 110 लावले, दुसऱ्याने त्या बाजूवर 110. बुकीकडे 220 जमले. जिंकणाऱ्याला त्याचे 110 आणि वर 100 मिळाले; उरलेले 10 बुकीच्या पेटीत गेले. म्हणजे नुसते बरोबरीत राहायचे तरी शंभर पैजांपैकी बावन्नाहून अधिक साधल्या पाहिजेत.

मी त्याला म्हटले की, मुंबईच्या मटक्याची रीतही याहून निराळी नव्हती. प्रारंभी न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव काय उघडतो आणि काय मिटतो यावर मुंबईत आकडे लागत. 1960 नंतरच्या वर्षांत ते बंद पडले आणि पत्ते काढून आकडा ठरू लागला. आकडे दहा, आणि बरोबर आकड्याला रुपयाला नऊ रुपये. दहावा रुपया कोणाचा, हे गिरणगावातल्या कामगाराला उमगेपर्यंत त्याचा पगार संपलेला असे.

भाचा हसला. "हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही मला तोटा सांगितलात, पाप नाही सांगितलेत. मी शंभरांत पंचावन्न जिंकू लागलो, तर तुमचा आक्षेप संपेल ना?"

त्याचे म्हणणे बिनतोड होते. तोट्याची भीती घालणे हा शहाणपणाचा उपदेश झाला, नीतीचा नव्हे. आपण जुगाऱ्याला बहुधा एवढेच सांगतो की तू हरशील. आणि म्हणूनच जिंकणाऱ्यापुढे आपले तोंड बंद होते.

मग ज्ञानाने पैज शुद्ध होते काय? आपल्या कायद्यानेही दीर्घकाळ हीच वाट धरली होती. ज्यात कौशल्य प्रधान तो जुगार नव्हे, या तत्त्वावर सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली घोड्यांच्या शर्यतींना कौशल्याचा खेळ मानले. पुढे 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांविषयी जो कायदा संमत केला, त्याने मात्र कौशल्य आणि दैव हा भेदच बाजूला ठेवला.

हा भेद व्यासांनाही ठाऊक होता. वनपर्वात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो. नळ ती मोजून पाहतो, तो संख्या बरोबर! हीच अक्षविद्या शिकून नळाने गेलेले राज्य परत जिंकले. पण विद्या शकुनीजवळही होती. तेव्हा विद्या असणे हे पैजेचे समर्थन होऊ शकत नाही. उलट, नेणत्याशी खेळणाऱ्या जाणत्याचा दोष अधिक मोठा. कारण त्याचे ज्ञान दुसऱ्याच्या अज्ञानावर पोसले जाते. व्यापारात घेणारा आणि देणारा दोघेही काही मिळवून घरी जातात. पैजेत एकाचे मिळणे हेच दुसऱ्याचे गमावणे असते. नळाचे मोठेपण जिंकण्यात नाही; जिंकल्यावर त्याने पुष्कराला जीवदान दिले आणि त्याचा वाटा परत केला, यात आहे.

यावरही भाच्याकडे उत्तर होते. "हरणाराही राजीखुशीनेच खेळतो, मामा."

मी निरुत्तर झालो, आणि सहज विचारले, "तू अभ्यास करतोस म्हणजे नेमका कसला?"

तो उत्साहाने सांगू लागला. वारा किती आहे, मैदान घरचे की परके, विश्रांती किती दिवसांची मिळाली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जायबंदी खेळाडूंची यादी. प्रत्येक संघाला सामन्यापूर्वी ती जाहीर करावी लागते. कोणाचा गुडघा, कोणाचा खांदा, कोणाच्या डोक्याला मार. एकदा एका संघाच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधाराचा, घोटा दुखावल्याची बातमी इतरांच्या आधी हाती लागली आणि त्याने ताबडतोब प्रतिपक्षावर पैसे लावले. "इतका आनंद झाला!" तो म्हणाला, आणि क्षणभर थांबला.

मीही थांबलो, कारण मला माझाच एक प्रसंग आठवला. कचेरीत क्रिकेटच्या मालिकेच्या वेळी आम्ही दहा-दहा रुपयांची वर्गणी काढून पैजा मारल्या होत्या. एका दुपारी आपलाच गोलंदाज लंगडत मैदानाबाहेर गेला, आणि माझ्या मनात प्रथम जे उमटले ते दुःख नव्हते, समाधान होते. पैज दहा रुपयांची होती. त्या समाधानाची लाज मला आजही वाटते.

मला वाटते, पैजेचे पाप इथे आहे. पैसा जातो, हा तोटा आहे. तो भरून निघतो. परंतु ज्या क्षणी मी पैसे लावतो, त्या क्षणी दुसऱ्या माणसाचे दुखणे मला शुभवार्ता होऊ शकते. मी जिंको वा हरो, जाणता असो वा नेणता, कायदा माझ्या बाजूचा असो वा नसो, ही गोष्ट बदलत नाही. आणि जाणत्याला तर असे दुखणे रोज शोधावे लागते. शेतकऱ्याच्या आशेत किंवा विमा उतरविणाऱ्याच्या काळजीतही अनिश्चितता असते. पण तिथे माणूस अनिष्ट टळावे अशी इच्छा धरतो. पैजेत ते कोणाच्या तरी वाट्याला यावे, अशी इच्छा धरण्याची सवय जडते.

त्या रविवारी रात्री साडेअकराला तिकडचा सामना सुरू झाला. राज्याच्या हद्दीबाहेरून त्याला पैसे लावता येत नव्हते. रजई पांघरून आम्ही दोघे फोनच्या पडद्याकडे पाहत बसलो. मध्येच एक गडी पडला, आणि उठला नाही. भाच्याने सवयीने कोण पडला, कोणत्या संघाचा, हे पाहिले; मग फोन थोडा जवळ धरून म्हणाला, "फार लागलंय, मामा."

तो गडी उठेपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही.