संन्याशाच्या तळघरातली काचेची ताटं

चीनच्या शाआन्शी प्रांतातल्या फामेन मंदिराचा जुना मनोरा 1981 च्या पावसात अर्धा ढासळला. 1987 मध्ये पाया मोकळा करताना खाली तळघर लागलं. आत बुद्धाच्या बोटाची म्हणून पूजली जाणारी अस्थी होती आणि दगडावर कोरलेली भेटवस्तूंची यादी. पश्चिम आशियातल्या काचेच्या ताटवाट्या, चंदन, अगरू, रेशमी वस्त्रं, शिवाय सम्राज्ञी वूचा भरतकामाचा घागरा!

ज्याने राजवाडा सोडला, त्याच्यापुढे राजवाड्यातलाच माल का मांडायचा?

बौद्ध परंपरेचं उत्तर तयार होतं. भिक्षूने सोनंचांदी घ्यायची नाही. पण स्तूपाला अर्पण केलेलं धन बुद्धाचं, त्यावर संघाचा हक्क नाही. विनयाचे, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेचे, असे नियम चीनमध्ये आणणारा भिक्षू यीजिंग 671 मध्ये ग्वांगझूहून निघाला, तोही एका इराण्याच्या गलबतातून. सोडायला जड जाईल ते द्यावं, हा दानामागचा विचार. त्यात एक सोय लपलेली आहे. वस्तू जितकी दुर्मिळ तितका त्याग मोठा, म्हणजे वैराग्याचं माप ठरणार ते चैनीच्या बाजारभावावर. समुद्रापलीकडून चंदन आणणाऱ्या व्यापाऱ्याला असं गिऱ्हाईक हवंच होतं.

819 मध्ये हीच अस्थी राजधानी चांगआनला आणली, तेव्हा हान यू या कन्फ्यूशियन अधिकाऱ्याने सम्राटाला खरमरीत अर्ज लिहिला: परक्या माणसाचं कुजकं हाड, त्यापायी लोक बोटं जाळतात, घरदार उधळतात. जीव थोडक्यात वाचला. रवानगी दूर दक्षिणेला, चाओझूला झाली. 845 मध्ये सम्राट वूझोंग तर युक्तिवादावरच थांबला नाही. 4,600 मठ मोडले, मूर्ती वितळवून नाणी पाडली.

तरी 873 मध्ये सम्राट यीझोंगने अस्थी पुन्हा थाटात राजधानीत आणवली. जिवंतपणी दर्शन झालं की मरण आलं तरी चालेल, असं तो म्हणाला होता आणि त्याच वर्षी वारला. पुढच्या वर्षी त्याच्या मुलाने सगळा ऐवज तळघरात बंद केला.

उघडल्यावर अस्थी निघाल्या चार. यीझोंगने दिलेल्या, एकात एक बसवलेल्या आठ पेट्यांत जी होती, ती अभ्यासकांच्या मते प्रतिकृती. खरी मानली जाते ती मागच्या भिंतीजवळच्या चोरकोनाड्यात, गंजक्या लोखंडी पेटीत सापडली. अर्थात त्या पेटीच्या आतही चांदी, चंदन आणि स्फटिकाच्या पेट्या होत्याच.