नळ आला, पाणी कुणी राखायचे?

कोरडवाहू पट्ट्यातल्या लहान गावांत ऐन चैत्रात हे दिसते. अंगणातला नळ कापून जमिनीखाली घेतलेला, दोन हात खोल खड्डा, आणि त्यात उतरून एक बाई तांब्या-तांब्याने हंडा भरते आहे. पाण्याला जोर नाही, म्हणून नळच खाली नेला. ज्याला परवडते तो नळाला थेट टिल्लू मोटार लावतो. मग पुढच्या आळीतल्या खड्ड्यांतही पाणी पोचत नाही. कागदावर या सगळ्या घरांची नोंद ‘नळजोडणी पूर्ण’ अशीच असते.

जलजीवन मिशनची घोषणा 15 ऑगस्ट 2019 रोजी झाली. 2024 पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी, हे उद्दिष्ट होते. पुढे मुदत 2028 पर्यंत वाढली. योजना मोलाची आहे. बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरवण्याची ताकद तिच्यात आहे. तिच्यावरची टीका मात्र बहुतेक ठेकेदार, पाइपांचा दर्जा आणि थकलेली बिले यांच्याभोवतीच फिरते. ती रास्त असली तरी अपुरी आहे, कारण पाइप कितीही चांगला असला तरी विहीर आटल्यावर त्यातून काय येणार?

महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकाच्या भेगांत आणि वरच्या मुरमात जेवढे मुरेल तेवढेच पाणी आपले. गावाच्या पाणीपुरवठ्याची विहीर आणि शेजारच्या मळ्यातली बोअर बहुधा एकाच साठ्यावर जगतात. आधी आड होता, 1972 च्या दुष्काळानंतर गावोगाव हापसे आले, आता नळ आला. साधने बदलली, खालचे पाणी तेच राहिले आणि त्यावर मोटारी मात्र वाढत गेल्या. म्हणून पिण्याचे पाणी आणि शेतीचे पाणी यांच्या दोन वेगळ्या फायली करून हा प्रश्न सुटणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

कायद्याने हे कधीच ओळखले होते. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येणार नाही, असे 1993 च्या भूजल कायद्यात होते. नंतरच्या 2009 च्या कायद्यातही या स्रोतांचे संरक्षण आहे. पण तक्रार करायची कुणी आणि कुणाविरुद्ध? बोअर चुलतभावाची असते, बांधाला बांध लागलेला असतो, पोरीच्या लग्नात तोच मांडवात उभा राहणार असतो. शिवाय त्याला खलनायक ठरवणे अन्यायाचे आहे. कर्ज काढून त्याने बोअर पाडलेली असते, रात्रीच्या विजेवर जागून तो कांदा किंवा ऊस भिजवतो, कारण कमी पाण्याच्या पिकात त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. एकट्याने त्याग करावा, असे त्याला सांगायचा अधिकार कुणालाच नाही. सगळ्यांनी मिळून ठरवले तरच ते न्यायाचे होते.

असे ठरवता येते, हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दाखवले. पोपटराव पवार 1989 मध्ये तिथे सरपंच झाले. पुढे गावाने शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, असे नियम केले. पाऊस मोजायचा, माणसांचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यातून कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत बसवायचे, ही तिथली रीत. त्याला खर्च फारसा लागत नाही. लागते ती भर सभेत शेजाऱ्याला नाही म्हणण्याची तयारी.

नेमकी तीच आपल्या ग्रामसभांत हरवली आहे. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी कमी असेल तेवढे पुरतात. तरीही सभा तहकूब होते. मग पुढच्या सभेला गणपूर्तीची अटच नसते आणि चार डोकी गावाचे ठराव करून मोकळी होतात.

माझी विनंती 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुरती आहे. तोवर पावसाळा सरत आलेला असतो आणि रब्बीची पेरणी बरीचशी व्हायची असते. घरातल्या बायकांसह तिथे जा. पाणीपुरवठ्याच्या विहिरीची पातळी मोजून फळ्यावर लिहायला लावा, जूनपर्यंत पिण्याला किती लागेल ते काढा, आणि पेरणीचा विषय त्यानंतरच घ्या. 1 मेच्या सभेत हे काढून उपयोग नाही. तोपर्यंत पाणी शेतात जाऊन संपलेले असते.