किण्वाचा स्वभाव

एखाद्याचा स्वभाव म्हणून आपण जे म्हणतो, त्यात त्याच्या अंगचे किती आणि भोवतालचे किती, हा प्रश्न फार जुना आहे. मनुष्याविषयी तो विचारला की प्रत्येकाचा स्वार्थ आड येतो व वाद लवकरच तापतो. म्हणून येथे एका क्षुद्र जीवाचा आधार घ्यावा असे मी योजिले आहे. तो जीव म्हणजे बिअर आंबविणारे किण्व, ज्याला सर्वजण यीस्ट म्हणतात. दृष्टांत सोवळ्यातला नाही. पण इडलीच्या पिठालाही आंबल्यावाचून गती नाही.

घरी बिअर करण्याचा छंद विलायतेत व अमेरिकेत रूढ आहे. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा परवान्यावाचून मद्य करण्यास मनाई करतो, आणि त्यात घरच्या स्वयंपाकघराला सूट नाही. या मनाईच्या समर्थनार्थ कोणी २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली त्याचा दाखला देईल, तर तो लंगडा आहे. तेथे घात केला तो मेथॅनॉलने, आंबविण्याने नव्हे. तथापि एक दाखला लंगडा निघाल्याने कायदा मोडण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. मला येथे कृती सांगावयाची नाही, दृष्टांत पाहावयाचा आहे.

जवाला मोड आणून त्याचा गोड काढा केला, तो निवविला व त्यात किण्व सोडले, म्हणजे ते साखर खाऊन मद्यार्क व कर्बवायू निर्माण करते. एल जातीचे किण्व १८ ते २० अंश सेल्सिअसवर ठेवले तर पेय स्वच्छ चवीचे उतरते; तेच ३० अंशांवर सोडले तर ते घाईघाईने वाढते, जड मद्यार्क प्रसवते, आणि पेय जिभेला चटका देते. लागर जातीच्या किण्वाला तर ८ ते १२ अंशांची थंडी लागते. शिवाय आंबण्याची क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते, त्यामुळे भांड्यातील द्रव खोलीहून काही अंश अधिक तापतो. पहिले दोन-तीन दिवस निर्णायक असतात. त्यांत उतरलेली ही चव मागाहून कितीही थंडावा दिला तरी बहुशः जात नाही. बव्हेरियात १५५३ साली उन्हाळ्यात बिअर करण्यास राजाज्ञेने मनाई झाली, ती नीतीसाठी नव्हे, याच भयाने.

ठाणे-कल्याणच्या हवेत ही शिस्त राखणे कठीण. भांड्याला ओले फडके गुंडाळावे, हा एक साधा उपाय. तो नागपूरच्या मे महिन्यात उत्तम चालेल, कारण तेथील कोरडी हवा पाणी शोषून घेते व त्याबरोबर उष्णताही नेते. खाडीकाठच्या दमट हवेत फडके ओलेच राहते. डोंबिवलीकराला हे माठाने केव्हाच शिकविले आहे.

आता विचारतो, या किण्वाचा खरा स्वभाव कोणता? १८ अंशांवरचा की ३० अंशांवरचा? दोन्ही त्याचेच, आणि दोहोंपैकी कोणता प्रकट व्हावा हे त्याच्या हाती नाही. करणारा त्याला आज्ञा देत नाही. तो केवळ खोली राखतो. मग पेय बिघडले तर किण्वाला नासके म्हणण्यात कसला न्याय? आणि नेमका हाच न्याय शिक्षकवर्ग नित्य करीत असतो. पाच माणसांच्या एका खोलीत राहून, गाडीच्या दारात लोंबकळत कॉलेजला येणाऱ्या मुलाची उत्तरपत्रिका करपलेली निघाली, की ‘मूळचाच मंद’ असा शेरा तयार.

यावर कोणी म्हणेल, मग सारे काही उष्णतेचे. स्वभाव म्हणून काही नाहीच. तेही खरे नव्हे. नॉर्वेच्या पश्चिम भागातील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले क्वाइक नावाचे किण्व ३० ते ४० अंशांवर आंबविते आणि तरी चव बिघडवीत नाही. अर्थात जाती-जातींत भेद आहे. पण हा भेद आला कोठून? काढा पुरता निवण्याची वाट न पाहता ते लोक कोमट असतानाच त्यात किण्व घालीत, जे तगले ते वाळवून पुढच्या वेळेस ठेवीत. म्हणजे ज्याला आपण अंगचा गुण म्हणतो, त्यातही जुन्या परिस्थितीचाच साका बसलेला असतो.

तर मग दोष गेला, आणि दोषाबरोबर श्रेयही गेले काय? पुष्कळ उदार मनाची माणसे दोष परिस्थितीवर टाकतात आणि श्रेय मात्र आपल्या पदरात ठेवतात. हे हिशेबाला धरून नाही. मला भेद दिसतो तो इतकाच, की किण्वाला आपली खोली बदलता येत नाही, मनुष्याला थोडीफार येते. पहाटे उठून अभ्यासिकेत जाऊन बसणारा मुलगा स्वतःला काही अंश खाली आणतो, आणि तेवढे श्रेय निःसंशय त्याचे. परंतु अभ्यासिकेला शुल्क असते व खुर्च्या मोजक्या असतात. जो दारातून परत फिरला, त्याला गुण देताना हे अंश कोणत्या रकान्यात मांडावे, याची सोय आपल्या गुणपत्रिकेत केलेली नाही.